तरवडाच्या फुलात मध नाही, तरी भुंगा येतोच

पाऊस ओसरायला लागला की मराठवाड्यातले माळ पिवळे होतात. बालाघाटाच्या उतारांवर, अजिंठ्याच्या रांगेतल्या उघड्या टेकड्यांवर, गायरानात, रेल्वेरुळांच्या कडेनं, वीतभर खणलं की मुरूम लागतो अशा सगळ्या जागी तरवड फुललेला असतो. कमरेइतकं, फार तर माणसाच्या उंचीचं झुडूप. नवरात्रात घटावर चढवायच्या माळेसाठी त्याची फुलं तोडून आणतात. दसरा झाला की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून जी जमीन लिहिलेली असते तिथला हा रहिवासी, आणि त्याची गणतीही त्याच खात्यात होते.

या पोटखराब्यातल्या फुलाच्या आत एक अशी रचना आहे की तिच्यावर डार्विननं डोकं खाजवलं आणि तिचा नीट उलगडा व्हायला पुढची सव्वाशे वर्षं गेली. ती समजायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. एक फूल हातात घ्यायचं आणि नीट बघायचं.

पाच पिवळ्याधमक पाकळ्या, त्यांवर नारिंगीकडे झुकणाऱ्या शिरा. मध्ये दहा पुंकेसर, म्हणजे फुलाचे नर अवयव. जास्वंदीत किंवा धोत्र्यात सगळे पुंकेसर साधारण सारखे असतात. इथं तसं नाही. वरचे तीन खुरटलेले, वांझ. त्यांच्या खाली मधोमध काही आखूड आणि जाडसर. आणि सगळ्यांत खाली दोन-तीन लांब, बाकदार, नखासारखे पुढं आलेले. त्यांच्याच जवळ हिरवट, वाकडा स्त्रीकेसर असतो. त्याचीच पुढं शेंग होते. हा स्त्रीकेसर फुलाच्या बरोबर मधून निघत नाही, एका बाजूला कललेला असतो. हे कलणं ध्यानात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता फुलाच्या तळाशी मध शोधा. सापडणार नाही. तरवडाच्या फुलात मध नसतोच. मराठी कवितेतला भुंगा जन्मभर मध पीत आला आहे, त्या कवींनी तरवडाकडे पाहिलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती. कारण भुंगे या फुलावर येतात, भरपूर येतात, आणि मधाचा थेंबही न घेता जातात. ते नेतात परागकण, म्हणजे केसरावरची पिवळी पूड. मधातून माशीला साखर मिळते, परागातून प्रथिनं मिळतात. भुंग्याची मादी परागाचा आणि मधाचा गोळा करून त्यावर अंडं घालते आणि अळी त्यावर पोसली जाते. तेव्हा भुंगीला पराग हवा असतो तो पिलांसाठी. मध ती दुसरीकडून आणते, आणि हे दुसरीकडचं झाडही बहुतेक वेळा त्याच माळावर असतं: रुई. रुईच्या फुलाचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक हाच काळा भुंगा. गोड रुईकडून, पौष्टिक तरवडाकडून. दोन्ही झाडं आपल्या लेखी बिनकामाची.

आता खरी गंमत. परागाची पूड तरवडाच्या केसरावर उघडी पडलेली नसते. बहुतेक फुलांत परागकोश, म्हणजे केसराच्या टोकाची पिशवी, उभी उलते आणि पराग बाहेर येतो. बोट लावलं तरी पिवळं होतं. तरवडाचा परागकोश उलत नाही. त्याच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. आत कोरडी, हलकी पूड आणि बाहेर यायला तेवढीच वाट. अंगाला लावायच्या पावडरचा डबा आठवा: नुसता उलटा धरला तर पावडर पडत नाही, झटके द्यावे लागतात. इथंही तसंच, फक्त झटके फार जलद हवेत. सेकंदाला साधारण २०० ते ४०० वेळा.

एवढ्या वेगानं फूल हलवायला भुंग्याकडे एकच साधन आहे, त्याच्या छातीतले उडायचे स्नायू. माशा-भुंग्यांचे हे स्नायू थेट पंखांना जोडलेले नसतात. ते छातीचा डबा आकसतात आणि फुगवतात, आणि त्या हालचालीनं पंख वरखाली होतात. भुंगा फुलावर उतरला की केसर जबड्यात धरतो, अंग त्यांच्याभोवती वळवतो, पंख मिटून घेतो आणि नुसते स्नायू चालवतो. उडायचं यंत्र चालू, पंख बंद. सगळी थरथर जबड्यातून आणि पोटातून केसरात उतरते, आतले कण भिंतींवर आपटत उसळतात आणि छिद्रातून त्यांची फवारणी होते. कण कोरडे आणि हलके, त्यात भुंग्याच्या अंगावर स्थिर विद्युतभार असतो, त्यामुळे ते त्याच्या केसांना जाऊन चिकटतात. या प्रकाराला ‘गुंजन परागीभवन’ म्हणता येईल.

हे कानानंही ओळखता येतं. फुललेल्या तरवडाजवळ सकाळी शांत उभं राहायचं. भुंगा येताना जाड, खालच्या पट्टीतला आवाज करत येतो. फुलावर बसला की आवाज क्षणभर थांबतो आणि मग एकदम वरच्या पट्टीत, तुटक, ‘झूं… झूं…’ असा येतो. पंख हलवायचं ओझं नसल्यामुळे स्नायू जास्त वेगानं थरथरतात, म्हणून पट्टी चढते. विज्ञानाच्या शिक्षकांना तर हा प्रयोग वर्गात करता येईल. प्रयोगशाळेतला २५६ किंवा ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवायचा आणि त्याचं टोक ताज्या फुलाच्या केसरांना अलगद लावायचं, खाली काळा कागद धरायचा. कागदावर पिवळी पूड पडेल. ध्वनी म्हणजे कंपन हे नववीच्या पोरांना पटवायला याहून स्वस्त साधन नाही.

मग मधमाश्यांचं काय? आग्या असो, सातेरी असो, नाहीतर झुडपात छोटं पोळं करणारी फुलोरी, या कुणालाच अशी थरथर करता येत नाही. सांडलेला पराग वेचायला त्या तरवडावर येतात, पण केसर रिता करायचं कसब त्यांच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्या बहुतेक एकट्यानं राहणाऱ्या माश्या: लाकूड कोरणारा मोठा काळा भुंगा, पोटावर निळे पट्टे असलेली चपळ माशी, काही बारक्या मातीतल्या माश्या. पोळं नाही, राणी नाही, मध साठवणं नाही, म्हणून माणसाचं त्यांच्याकडे लक्षही नाही. ‘मधमाश्या वाचवा’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पेटीतली माशी असते. या तिच्या बहिणी यादीतून कायम सुटतात.

आता त्या तीन प्रकारच्या केसरांकडे वळू. मध न देणाऱ्या फुलासमोर एक पेच असतो. पराग हेच त्याचं बीज आणि परागच त्यानं पाहुण्याला द्यायचा मोबदला. सगळा मोबदला म्हणून गेला तर वंश कसा वाढायचा, आणि दिलाच नाही तर पाहुणा येईल कशाला? १८८०च्या दशकात हर्मान म्युलर आणि ब्राझीलमध्ये स्थायिक झालेला त्याचा भाऊ फ्रिट्झ या दोन जर्मन निसर्गाभ्यासकांनी एक तर्क मांडला: फुलानं कामं वाटून दिली आहेत. मधले आखूड केसर खाऊ घालण्यासाठी, खालचे लांब केसर वंशासाठी. भुंगा समोर दिसणारे आखूड केसर धरून थरथरवतो, त्यांतला पराग गोळा करतो. पण त्याच थरथरीनं लांब केसरही हलतात, आणि त्यांचं तोंड भुंग्याच्या अंगाच्या अशा जागी असतं की तिथं त्याचे पाय सहज पोचत नाहीत. भुंगा अंग झाडून पूड गोळा करतो तेव्हा तिथली पूड राहून जाते. पुढच्या फुलात स्त्रीकेसराचं टोक नेमकं त्याच जागी टेकतं.

डार्विनला हे कोडं बरीच वर्षं सतावत होतं. १० एप्रिल १८८२ रोजी त्यानं अमेरिकेतल्या जे. ई. टॉड या प्राध्यापकांना पत्र लिहिलं आणि वांग्याच्या कुळातल्या, असेच दोन तऱ्हेचे केसर असलेल्या एका काटेरी झाडाचं बी मागवलं. टॉड यांनी त्याच सुमारास त्या झाडावर आणि तरवडाच्या एका अमेरिकी नातलगावर लेख लिहिला होता. डार्विनला फुलं स्वतः बघून प्रयोग करायचे होते. १९ एप्रिलला तो वारला. २००९ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याच काटेरी झाडावर बंबलबी माश्या सोडून मोजणी केली, तेव्हा लांब केसरातला पराग दुसऱ्या फुलांपर्यंत जास्त पोचतो आणि आखूड केसरातला माशीच्या पदरात जास्त पडतो हे दिसलं. म्युलर बंधूंचा तर्क बरोबर होता.

आता तो कललेला स्त्रीकेसर. एकाच झुडपावरची दहा-बारा फुलं समोरून बघा. काहींचा स्त्रीकेसर डावीकडे वळलेला, काहींचा उजवीकडे. हे आपोआप, वाऱ्यानं झालेलं नाही. इस्रायलच्या वनस्पतिशास्त्रज्ञ रिव्हका डुलबर्गर यांनी १९८१ साली तरवड आणि त्याच्या एका आफ्रिकी भावंडाच्या फुलांवर शोधनिबंध लिहिला, त्यात या डाव्या-उजव्या फुलांचा तपशील आहे. साधारण असं घडतं: डाव्या फुलात भुंग्याच्या अंगाच्या एका बाजूला पराग लागतो आणि दुसऱ्या बाजूला स्त्रीकेसर टेकतो. उजव्या फुलात बरोबर उलट. म्हणून डाव्याचा पराग उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला पोचायची शक्यता वाढते, आणि फुलाला स्वतःचाच पराग लागायची शक्यता घटते. दोन्ही तऱ्हेची फुलं एकाच झुडपावर असल्यामुळे हा बंदोबस्त पक्का नाही, शेजारच्या फांदीचा पराग लागू शकतोच. पण निसर्गात पक्कं काय असतं?

तरवड यात एकटा नाही. पावसाळ्यात बांधावर माजणारा तरोटा, रस्त्याकडेचा काशीद आणि उन्हाळ्यातला बहावा ही सगळी त्याचीच भाऊबंदकी, आणि बहाव्याच्या फुलातले तीन लांब बाकदार केसर तर दुरूनही दिसतात. कुळाबाहेर बघायचं तर परसातलं वांगं. वांग्याच्या फुलातला पिवळा शंकू म्हणजे टोकाला छिद्र असलेले परागकोश. टोमॅटोचंही तेच तंत्र. वाऱ्यानं हलून त्यांना थोडाफार पराग मिळतो, म्हणून माशी नसली तरी फळ धरतं, पण थरथरवणारी माशी आली तर जास्त चांगलं धरतं. युरोपात काचघरातल्या टोमॅटोची फुलं माणसं कंपनाच्या काठीनं एकेक करून हलवायची. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथं बंबलबीच्या पेट्या विकत मिळायला लागल्या आणि ती मजुरी वाचली. आपल्याकडे बंबलबी हिमालयात सापडते, बालाघाटात नाही. इथं ते काम काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी करतात, फुकट. तुरीच्या फुलांवरही काळा भुंगा हमखास दिसतो.

झुडपाच्या अंगाबद्दल थोडं. मराठवाड्याची जमीन म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. नदीकाठी काळी कसदार माती साठली, उतारावर नुसता झिजलेला खडक राहिला. पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही दगा देणारा. ज्या भागात २०१६ साली लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तरवडाला कुणी तांब्याभर पाणी घालत नाही. मुरमाच्या आणि खडकाच्या भेगांत त्याची मुळं खोल जातात. पान बारीक पर्णिकांचं, त्यामुळे ऊन अंगावर कमी घेतं. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं असतात, तरवड ओळखायची ही सोपी खूण. आणि पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक उभ्या ग्रंथी असतात, तिथं मुंग्या घुटमळतात. या कुळात अशा ग्रंथींतून गोड रस झरतो आणि त्या बदल्यात मुंग्या पानं खाणाऱ्या किड्यांना पिटाळतात. म्हणजे मध आहे, पण तो फुलात नाही, पानावर आहे. पाहुण्याला पिठलं आणि राखणदाराला पुरणपोळी.

जनावरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. सोनामुखी ही याची सख्खी बहीण, जुलाबाची म्हणून ओळखली जाणारी. त्याच जातीची द्रव्यं यातही असतात. म्हणून वर्षानुवर्षं चरलेल्या गायरानात गवत संपतं आणि तरवड उरतो. लोक म्हणतात तरवडामुळे माळ खराब झाला. गोष्ट उलटी आहे: चराईनं बाकीचं संपलं, हा टिकला.

एक गैरसमज मात्र शिकलेल्या शेतकऱ्यांतही आढळतो. तरवडाला शेंगा येतात, म्हणजे हरभऱ्यासारखा तोही मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देत असणार. तसं नाही. शेंगवर्गाच्या या शाखेतल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर गाठी नसतात. तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून वापरतात ते खरं, पण तो नत्र हवेतून आणत नाही, खोलवरून जे ओढलं तेच पाल्यातून वर देतो.

सालीची गोष्ट वेगळी. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर, साधारण १५ ते २० टक्के. कच्चं कातडं दोन दिवसांत कुजायला लागतं. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं, मग जंतूंना ते पचत नाही आणि पाणी लागलं तरी ते सडत नाही. मोटेची कातडी, वहाणा, चाबूक, पखाली, सगळं बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीवर कमावलं जायचं. ते काम ढोर समाजानं पिढ्यानपिढ्या केलं, त्या कुंडांचा वास गावानं त्यांच्या माथी मारला आणि चामडं मात्र गावभर वापरलं. पुढं क्रोमियमच्या क्षारांनी काही तासांत कातडं कमावता यायला लागलं, मोटेच्या जागी इंजिन आणि पंप आले, आणि तरवडाच्या सालीला गावात गिऱ्हाईक उरलं नाही.

औषधाबद्दल लोक विचारतातच. आयुर्वेदात हा ‘आवर्तकी’ म्हणून येतो, आणि फुलांचा चहा शुगरवर चांगला असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. उंदरांवर काही प्रयोग झालेले आहेत. त्यावरून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत, एवढंच.

देगलूर-धर्माबादच्या पलीकडे गेलं की याच झुडपाचा मान बदलतो. तिथं तो ‘तंगेडू’. नवरात्राच्या सुमारास तिथल्या बायका बतुकम्मा, म्हणजे पूजेसाठी फुलांची थरांवर थर अशी उतरंड, रचतात, त्यात तंगेडूची फुलं लागतातच, आणि वेगळं राज्य झाल्यावर तेलंगणानं त्यालाच राज्यफूल केलं. १९५६पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. झुडूप दोन्हीकडे तेच, इकडे त्याला उपटून खड्डे घेतात आणि त्यात झाडं लावतात. शिरीष-कडुनिंब लावायला माझी हरकत नाही. पण फुललेला तरवड काढून त्या जागी काठ्या रोवल्यासारखी रोपं लावणं, ज्यांतली निम्मी पुढच्या मे महिन्यात वाळलेली दिसतात, याला हिरवं करणं म्हणायला जीभ रेटत नाही.

भुंग्यांना फुलांइतकीच घरंही लागतात. काळा भुंगा वाळक्या लाकडात, जुन्या वाशात, सुकलेल्या बांबूत बोगदा कोरून राहतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत, दरडीत आणि पांढऱ्या मातीच्या भिंतीत बिळं करते. माळवदाची घरं होती तोवर तिला जागेची ददात नव्हती. सिमेंटच्या भिंतीत तिला शिरता येत नाही. तेव्हा वांग्याचा किंवा तुरीचा तुकडा असलेल्यानं बांधाचा एक कोपरा जेसीबीपासून वाचवला, त्यात तरवड, रुई, चार वाळक्या फांद्या आणि मातीचा उघडा उतार ठेवला, तर भुंग्यांची सोय होते.

तरवड लावायचाच असेल तर बी कवचाचं टणक असतं, नुसतं टाकलं तर काही उगवतं, बरंचसं पडून राहतं. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळून तपकिरी झाल्या की तोडाव्यात. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकावं, रात्रभर तसंच ठेवावं, फुगलेलं बी सकाळी निवडून पावसाच्या तोंडावर जागेवरच टोकावं, कारण खोल जाणारं मूळ पिशवीत वळून बसतं. न फुगलेलं बी पुन्हा तसंच गरम पाण्यात घालावं.